पाकिटावर 'जीएम' (जनुकीय बदल केलेले अन्न) ही अक्षरे आपल्यापैकी कोणी कधी वाचली आहेत का?

मंजिरी_कर्वेनगर
गेल्या महिन्यात भाऊ अमेरिकेहून आला, तेव्हा त्याने मुलांसाठी बिस्किटांचा एक पुडा आणला. पुड्याच्या मागच्या बाजूला, घटकपदार्थांच्या यादीखाली, 'कन्टेन्स अ बायोइंजिनिअर्ड फूड इन्ग्रेडियंट' असे, म्हणजे 'यात जनुकीय बदल केलेला अन्नघटक आहे' अशा अर्थाचे, एक वाक्य बारीक अक्षरांत छापलेले होते. मुलांना ती बिस्किटे आवडली, म्हणून परदेशी माल ठेवणाऱ्या कॅम्पातल्या एका दुकानातून मी तोच पुडा विकत आणला. घरी दोन्ही पुडे शेजारी ठेवून पाहिले, तर दुकानातल्या पुड्यावर नेमक्या त्याच जागी आयातदाराचा पांढरा स्टिकर चिकटवलेला होता. त्यावर किंमत, पत्ता आणि परवाना क्रमांक होता. एक कोपरा नखाने उचलून मी तो हळूहळू सोलत गेले, तेव्हा खालून आधी 'बायो' एवढेच दिसले आणि मग ते पूर्ण वाक्य बाहेर आले.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातली सगळी पाकिटे ओट्यावर मांडली. सोयाबीन तेलाची पिशवी, सोया वड्या, कॉर्नफ्लेक्स, केकचे तयार पीठ आणि चॉकलेटे, एवढे सगळे भिंग घेऊन वाचले. वैधमापन (वजनमापे) खात्याच्या आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१३ पासून, जनुकीय बदल केलेले अन्न असलेल्या प्रत्येक पाकिटाच्या दर्शनी भागावर सर्वांत वर 'जीएम' ही अक्षरे असली पाहिजेत, असे ठरले. मला ती एकाही पाकिटावर सापडली नाहीत.

माझे मत आधीच सांगते. हे अन्न घातक आहे असे माझे म्हणणे नाही, तेवढा माझा अभ्यासही नाही. परंतु पाकिटावरचा हिरवा ठिपका आठवून पाहा. मांसाहार अपायकारक असल्याचे आधी सिद्ध करा, मगच ठिपका छापू, असे त्या वेळी कोणी म्हणाले नाही. खाणाऱ्याला ते जाणून घ्यायचे आहे, एवढे कारण पुरेसे ठरले. तोच न्याय येथे का लागू नये? आपण ही अक्षरे कधी वाचली आहेत का, आणि ती असावीत असे आपणांस वाटते का, हे कृपया सांगावे.

धायरीचा_किराणा
कधीही नाही. माझे दुकान चौदा वर्षांचे आहे आणि रोज काही शे पाकिटे माझ्या हातांखालून जातात.

पेशी_आणि_पान
मंजिरीताई, आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि अशा सक्तीच्या लेबलला माझा विरोध आहे.

दर्शनी भागावर सर्वांत वर छापलेली दोन अक्षरे ग्राहक माहिती म्हणून वाचत नाही, तो ती इशारा म्हणून वाचतो. पाकिटावर ठळक छापलेल्या गोष्टीकडे 'जपून' अशा नजरेने पाहण्याची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ साली उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा बाजारात असलेल्या जीएम पिकांपासूनचे अन्न पारंपरिक पिकांच्या अन्नापेक्षा अधिक धोकादायक असल्याचा ठोस पुरावा तिला आढळला नाही. बीटी पिकातले (म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचे अळीनाशक जनुक घातलेल्या पिकातले) प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते आणि तेथील विशिष्ट ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटते, म्हणून अळी मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि आपल्या आतड्यात त्या ग्राही नसतात.

आणखी एक गोष्ट. भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाच्या साहाय्याने जनुकांत बदल घडवून भुईमुगाचे 'ट्रॉम्बे' वाण तयार केले. शेतकऱ्यांनी ते आनंदाने पेरले आणि आपण त्यांच्या शेंगा उकडून, भाजून खाल्ल्या. त्या बदलात कोणते जनुक कुठे हलले, हे आधी ठाऊक नसते. जीएम पिकात मोजकी ज्ञात जनुके घातली जातात. लेबल एकाला आणि दुसऱ्याला मात्र नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते?

ग्राहकमित्र७४
सर, आपला ट्रॉम्बे भुईमुगाचा दाखला मी मान्य करतो आणि त्यावर माझ्याजवळ पूर्ण उत्तरही नाही. तथापि, एके ठिकाणी माहिती दिली जात नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणीही देऊ नये, हा निष्कर्ष मला पटत नाही.

अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची स्थापना १९७४ साली याच पुण्यात झाली आणि तेव्हापासून वस्तूच्या वजनासाठी, किमतीसाठी, तारखेसाठी प्रत्येक वेळी भांडावे लागले आहे. 'कमाल किमतीत सर्व कर समाविष्ट' हे शब्दसुद्धा पाकिटावर आपोआप उमटलेले नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माहिती मिळण्याचा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे आणि तो केवळ धोकादायक वस्तूंपुरता दिलेला नाही.

मंजिरीताई, आपल्या पुड्याबाबत मात्र लेबलच्या आधीचा प्रश्न उभा राहतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २२ नुसार जीएम अन्न परवानगीवाचून आयात करता येत नाही आणि विकताही येत नाही. आपल्याकडे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीने परदेशी जीएम सोयाबीनच्या तेलाला २००७ साली आणि पुढे कॅनोलाच्या तेलाला वाट करून दिली. बिस्किटात मक्याचे पीठ किंवा मक्याचा पाक असेल, तर तो त्या परवानगीत बसत नाही. त्या स्टिकरखाली केवळ एक वाक्य झाकलेले नाही, तो पुडा दुकानात आला कसा हा प्रश्नच झाकलेला आहे.

नीलेश_औंध
असे पुडे एकदोनच असतील असे कोणी समजू नये. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१८ साली बाजारातील ६५ खाद्यपदार्थ प्रयोगशाळेत तपासून घेतले होते. त्यांपैकी ३२ टक्के नमुन्यांत जीएम अंश सापडला आणि अशा नमुन्यांतील बहुसंख्य आयात केलेले होते.

सई_बाणेर
मला एक प्रामाणिक शंका आहे. बिनबियांचे कलिंगड, तैवान पपई आणि सिंहगडावर मिळणारे ते पिवळेजर्द गोड मक्याचे कणीस, ही सगळी जीएमच आहेत ना? आमच्या सोसायटीतल्या गटावर तसे संदेश सतत फिरतात आणि गेले वर्षभर मी मुलीला कणीस घेऊन दिलेले नाही.

पेशी_आणि_पान
सईताई, तिला कणीस अवश्य घेऊन द्या. गोड मका हा मक्यात निसर्गतः झालेल्या बदलाचा परिणाम आहे. दाण्यातल्या साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर होण्याची क्रिया त्यात मंदावते, म्हणून दाणा गोड राहतो. बिनबियांचे कलिंगड गुणसूत्रांच्या तीन संचांमुळे तसे होते. तैवान पपई म्हणून आपल्याकडे जी मिळते ती संकरित आहे. जीएम पपई खरोखरच अस्तित्वात आहे, १९९८ पासून ती हवाईमध्ये लावली जाते आणि तेथील विषाणूने बागा उद्ध्वस्त केल्यावर तिनेच त्या पुन्हा उभ्या केल्या. परंतु भारतात आजवर व्यापारी लागवडीची परवानगी मिळालेले जीएम पीक एकच आहे, ते म्हणजे कापूस.

संकरित आणि जीएम यांतला फरक ज्या समाजात अजून पोहोचलेला नाही, तेथे ही दोन अक्षरे काय करतील, याची मला भीती वाटते. एका आईने वर्षभर मुलीला कणीस दिले नाही.

मंजिरी_कर्वेनगर
सर, मला याच उदाहरणावरून उलट वाटते. खरी माहिती पाकिटावर नाही, म्हणूनच खोटी माहिती फोनवरून फिरते. जेथे जीएम आहे तेथे तसे छापले असते, तर जेथे छापलेले नाही तेथे ते नाही, हे सईताईंना आपसूक कळले असते.

वऱ्हाडी_पुण्यात
मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. नोकरीसाठी पुण्यात आलो, पण शेती अजून भावाकडे आहे, आणि तुमची चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो.

बीटी कापूस २००२ मध्ये आला आणि काही वर्षांतच आमच्या शिवारात दुसरे बियाणे मिळेनासे झाले. जिनिंगमध्ये कापसाची रुई वेगळी काढली की सरकी उरते. सरकीचे तेल निघते आणि पेंड म्हशीला जाते. पुण्यातली माणसे 'जीएम अन्न येणार का' असे विचारतात, तेव्हा मला सांगावेसे वाटते की ते वीस वर्षांपूर्वीच तेलाच्या घाण्यावरून आणि गोठ्यातून आलेले आहे. पेंड खाणाऱ्या म्हशीच्या दुधाला युरोपातसुद्धा लेबल लागत नाही, हे मला माहीत आहे. दुधाला लावा असे मी म्हणत नाही.

मला बियाण्याच्या पाकिटाबद्दल सांगायचे आहे. ४५० ग्रॅम बीटी बियाणे आणि त्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी मिळायची. ती पुडी शेताच्या कडेने लावायची, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर तयार होत नाही. पाकिटावर जनुकाचे नाव छापलेले असायचे, 'क्राय वन एसी'. माझे वडील सातवी शिकलेले होते. चष्मा नाकावर ओढून ते नाव मोठ्याने वाचायचे आणि मला अर्थ विचारायचे. कडेची पुडी बहुतेकांनी लावली नाही, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने जे केले ते सगळ्यांनी पाहिले. पण पाकिटाने आमच्यापासून काही लपवले नव्हते, एवढे मी नक्की सांगतो. सातवी शिकलेल्या शेतकऱ्याला जनुकाचे नाव वाचायला देता येते, तर पदवी घेतलेल्या ग्राहकाला दोन अक्षरे दाखवायला भीती कसली?

आणि एक विनंती. लेबल मागताना शेतकऱ्याला दोषी धरू नका. अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेच्या लोकांनी उघडपणे परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे पेरले, तेव्हा त्यांची मागणी तंत्रज्ञान निवडण्याच्या स्वातंत्र्याची होती. निवडीचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे आणि ग्राहकालाही हवे, यात मला विरोध दिसत नाही.

पेशी_आणि_पान
वऱ्हाडी साहेब, आपल्या वडिलांचा प्रसंग मी दोनदा वाचला. त्याला माझ्याकडे प्रतिवाद नाही.

रविवार_पेठ_तेल
आमचे घराणे तीन पिढ्या तेलाच्या व्यापारात आहे, म्हणून व्यवहाराची बाजू मांडतो.

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. त्यातले सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझील येथून येते आणि तेथील जवळजवळ सगळे सोयाबीन जीएम आहे. जहाजातून कच्चे तेल बंदरातल्या टाक्यांत उतरते. पुढे त्यातला चिकटा काढतात, रंग काढतात आणि शेवटी निर्वात पात्रात अतिशय उष्ण वाफेने वास काढतात. एवढ्या प्रक्रियेनंतर तेलात प्रथिन उरत नाही आणि डीएनए शोधू म्हटले तरी हाती लागत नाही. म्हणजे लातूरच्या सोयाबीनचे तेल आणि अर्जेंटिनातल्या रोझारिओच्या सोयाबीनचे तेल प्रयोगशाळेला सारखेच दिसते.

म्हणून लेबल कशाच्या आधारावर लावायचे, हा खरा पेच आहे. युरोपने २००३ साली नियम केले तेव्हा मालाच्या कागदपत्रांवरून माग काढायचा असे ठरवले. तेथे तेलात काही सापडो वा न सापडो, बी जीएम असेल तर लेबल लागते आणि नकळत मिसळलेल्या अंशाला ०.९ टक्क्यापर्यंत सूट मिळते. अमेरिकेने २०२२ पासून सक्ती केली, पण मर्यादा ५ टक्के ठेवली आणि बदललेला जनुकीय अंश तपासणीत सापडत नाही अशा शुद्धीकृत पदार्थांना वगळले. भारताने अमेरिकेचा मार्ग घेतला, तर आपल्याकडे सर्वांत जास्त खाल्ला जाणारा जीएम पदार्थच लेबलमधून सुटेल.

कागदपत्रे ठेवणे अशक्य आहे असे जे व्यापारी म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. आयातीच्या प्रत्येक टनाबरोबर मूळ देशाचा कागद असतोच. अडचण पुढे येते, दोन टाक्या एकत्र होतात तेव्हा. नियम सर्वांना सारखा असावा एवढीच माझी अपेक्षा आहे. मी 'जीएम' छापले आणि शेजारच्याने नाही छापले, तर खरे बोलल्याची शिक्षा मलाच होईल.

लातूरकर
रविवार पेठेच्या साहेबांनी लातूरचे नाव घेतले म्हणून लिहितो. भारतात पिकणारे सोयाबीन जीएम नाही, ही गोष्ट तुमच्या तेलाच्या पिशवीवर कुठेच दिसत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा दर क्विंटलला दहा हजारांच्या घरात होता. त्याच महिन्यात कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करण्यास केंद्राने परवानगी दिली आणि आमचा माल बाजारात येईपर्यंत दर उतरला. दर केवळ त्यामुळेच पडला असे मी म्हणणार नाही, पण आमच्या मालाचे वेगळेपण बाजाराला दिसतच नव्हते, हे खरे आहे. लेबलची चर्चा शहरात नेहमी भीतीच्या अंगाने होते. आमच्यासाठी ती भावाची गोष्ट आहे.

शब्दवेध
एक भाषेचा मुद्दा, जो मला अजिबात किरकोळ वाटत नाही. मराठीत छापायचे ठरले, तर शब्द कोणता छापणार? कृषी खात्याच्या भाषेत बहुधा 'जनुकीय सुधारित' असे येते, आणि 'सुधारित' म्हटले की चांगलेच, कारण सुधारित बियाणे, सुधारित चूल ही आपली सवय आहे. विरोधक 'जनुकीय फेरफार' म्हणतात आणि त्यातून लबाडीचा वास येतो, जरी तलाठ्याच्या दप्तरात फेरफार ही साधी नोंद असली तरी. शब्द निवडतानाच निकाल दिला जातो. माझ्या मते 'जनुकीय बदल केलेले' हे साधे शब्द दोन्ही बाजूंना मान्य व्हावेत.

पेशी_आणि_पान
'जनुकीय बदल केलेले' मला मान्य आहे.

धायरीचा_किराणा
उलट्या बाजूचेही एक सांगतो. 'नॉन-जीएमओ' असे छापलेले मीठ आणि तांदूळ माझ्याकडे विक्रीला येतात. मिठात जनुक असत नाही आणि जीएम तांदूळ देशात विकायला परवानगी नाही. तरीही त्या दोन शब्दांसाठी गिऱ्हाईक किलोमागे जास्त पैसे मोजते. गेल्या आठवड्यात एका आजींनी तसल्या मिठाचा पुडा मागितला, तेव्हा त्यांना समजावून साधे मीठ दिले. 'जीएम' छापण्याचा नियम करताना 'जीएम नाही' असे कोणी कशावर छापावे, याचाही नियम करावा.

सई_बाणेर
हे मला पूर्ण पटले. कणसाबद्दल सरांचे आभार. मात्र आपण अर्धे तेल वडापाव, भजी आणि हॉटेलच्या जेवणातून खातो, तेथे लेबल कुठून येणार?

ग्राहकमित्र७४
सईताई, तेथे येणार नाही, आणि म्हणून पाकिटावरचे सोडून द्यावे असेही नाही. हिरवा ठिपकाही वडापावच्या गाडीवर नसतो.

लेबल लागले की माल पडून राहतो, या समजुतीबद्दलही थोडे लिहितो. इंग्लंडमध्ये १९९६ साली जीएम टोमॅटोच्या गराचे डबे विक्रीस आले. त्यांवर तसे स्पष्ट छापलेले होते आणि ते इतर डब्यांपेक्षा स्वस्त होते. लोकांनी ते दोन-तीन वर्षे चांगले विकत घेतले. पुढे सगळ्याच जीएम अन्नाविरुद्ध वातावरण तापले आणि १९९९ पर्यंत ते डबे गेले, पण ते लेबलमुळे गेले नाहीत.

याच्या नेमके उलट बीटी वांग्याचे झाले. ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीने मान्यता दिली, मग देशभर सुनावण्या झाल्या, त्यांतली एक आपल्या राज्यात नागपूरला झाली, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. त्या वेळी मी अनेकांशी बोललो होतो. मंडईत वांग्याच्या ढिगात कोणते कोणते हे ओळखणार कसे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारत होता आणि सुट्या भाजीवर लेबल कसे लावणार याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ते उत्तर असते, तर विरोध इतका एकवटला असता असे मला वाटत नाही.

नीलेश_औंध
नियमांची आजची स्थिती कोणीतरी एकत्र सांगावी.

ग्राहकमित्र७४
२०१३ चा वैधमापनाचा नियम आहे, पण जीएम अंश किती असल्यास तो लागू होतो, ही मर्यादा त्यात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मसुदा काढला, त्यात एक टक्का किंवा अधिक जीएम घटक असल्यास लेबल लावण्याचा प्रस्ताव होता, आणि २०२२ मध्ये सुधारित मसुदा आला. आयात होणाऱ्या २४ पिकांच्या मालासोबत तो जीएम नसल्याचे प्रमाणपत्र असावे, असा आदेश २०२१ पासून लागू झाला, त्यातही एक टक्क्याची सूट आहे. जुलै २०२४ मध्ये जीएम मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे परवानगीवर मतभेद झाले, परंतु आयात होणाऱ्या जीएम अन्नाच्या, विशेषतः खाद्यतेलाच्या बाबतीत अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २३ चे, म्हणजे वेष्टन आणि लेबलच्या तरतुदीचे पालन झाले पाहिजे, असे त्या निकालात आहे.

पेशी_आणि_पान
मी माझी भूमिका थोडी बदलतो. दर्शनी भागावर सर्वांत वर छापण्यास माझा विरोध कायम आहे. घटकपदार्थांच्या यादीत, त्या त्या घटकाच्या पुढे, 'जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनपासून' असे छापावे, याला मात्र माझी हरकत राहिलेली नाही. त्यात एक शास्त्रीय कारणही आहे. नव्वदच्या दशकात ब्राझील नटचे जनुक सोयाबीनमध्ये घातले गेले, तेव्हा त्या नटची ॲलर्जी असणाऱ्यांना ते सोयाबीनही बाधू शकेल असे चाचणीत दिसले आणि तो प्रकल्प तेथेच थांबवला गेला. चाचण्या उपयोगी पडतात, असे मी हे उदाहरण देऊन वर्गात सांगत असे. पण चाचणीतून काही निसटलेच, तर कोणी काय खाल्ले याचा माग लेबलवाचून काढता येणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

यातून पुढचा प्रश्न येतो आणि तो अधिक अवघड आहे. मे २०२५ मध्ये भाताची 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १' ही जनुक-संपादित, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेली, वाणे जाहीर झाली. त्यांत बाहेरचे जनुक नाही, आणि २०२२ पासून अशा पिकांना जीएमचे नियम लागू नाहीत. त्या तांदळावर काय छापायचे?

लातूरकर
सर, जे केले आहे ते छापायचे. 'जनुक-संपादित'. शेतकऱ्याला ते वाण हवेच आहे, लपवण्यासारखे त्यात काही नाही.

मंजिरी_कर्वेनगर
सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी मी दोन्ही पुडे घेऊन त्या दुकानात गेले. दुकानदार सभ्य होते, त्यांनी शेल्फवरचे आणखी चार पुडे काढून दाखवले आणि चारही पुड्यांवर स्टिकर त्याच जागी होता. स्टिकर आपण लावत नाही, माल तसाच येतो, असे ते म्हणाले आणि त्यांनी मला आयातदाराचा पत्ता लिहून दिला.

तक्रारीचा मजकूर मी असा केला आहे: 'सोबतच्या पुड्यावर जनुकीय बदल केलेला घटक असल्याचे उत्पादकाने छापलेले वाक्य आयातदाराच्या स्टिकरने झाकलेले आहे. पुड्याच्या दर्शनी भागावर नियमाप्रमाणे जीएम ही अक्षरे नाहीत. या अन्नाला आयातीची परवानगी आहे काय, असल्यास केव्हा दिली, हे लेखी कळवावे.' ही तक्रार वैधमापन कार्यालयाला आणि अन्न व औषध प्रशासनाला सोमवारी देणार आहे. काही राहिले असल्यास सांगावे.

ग्राहकमित्र७४
खरेदीची पावती जोडा आणि पुड्याचा बॅच क्रमांक मजकुरातच लिहा. सोललेला पुडा त्यांच्याकडे देऊ नका, त्याचे छायाचित्र द्या, आणि स्टिकर न काढलेला एक पुडा आणखी विकत घेऊन ठेवा.

धायरीचा_किराणा
ताई, माझ्याकडच्या सोयाबीन तेलाच्या चार कंपन्यांच्या पिशव्या आज नीट वाचल्या. 'जीएम' एकीवरही नाही. पोच मिळाली की येथे कळवा, याच मजकुरावर मी तेलासाठी दुसरी तक्रार देतो.